इंडिकेटर देऊन मेलो

...आणि वर मलाच विचारतात, "घरातलं वातावरण कसं आहे हो तुमच्याकडे?" वातावरण! जसं काही मी घरात वादळं पाळून ठेवलीत! तुम्हाला सांगतो, मी शांत माणूस आहे. कुणालाही विचारा. अहो, माझा धंदाच शांतपणाचा आहे, मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. म्हणजे काय, तर दिवसभर अशा माणसांच्या शेजारी बसायचं, ज्यांना माझा जीव घ्यायचा नाहीये, पण घेतील, चुकून. एक काकू आहेत, समोरून ट्रक आला की डोळेच मिटतात. मी म्हणतो, "काकू, डोळे उघडा." तर म्हणतात, "गेला का?" आता गेला का म्हणजे? ट्रक गेला का, का मी गेलो का? पण मी ओरडत नाही. माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, तो दाबतो, घाम पुसतो आणि म्हणतो, "छान. आता पुन्हा करू." तो ब्रेक दाबून दाबून माझ्या पायाला अशी सवय लागलीय की झोपेतसुद्धा पाय दाबला जातो. बायको म्हणते, "लाथा मारू नका." अगं, लाथ नाहीये ती, ट्रक होता समोर!

तर असा मी. आणि माझ्या मुलीचं म्हणे हिंसक गेम खेळून खेळून वळण बिघडलंय!

मुलगी म्हणजे आमची भिंगरी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी म्हणायला लागलो. आता खुर्चीतून हलत नाही, पण नाव पडलं ते पडलं. तिची मैत्रीण म्हणजे आमच्या डोक्यावर राहतात त्यांची मुलगी, सावली. खरं नाव वेगळंच आहे, पण भिंगरी जाईल तिथं ती मागे, म्हणून सावली. दोघी एका वर्गात, एका बाकावर, आणि घरी आल्या की आपापल्या घरात कानाला ते हेडफोन लावून एकाच गेममध्ये. एक बेट असतं, त्यावर बंदुका घेऊन सैनिक उतरतात आणि एकमेकांना मारतात. झालं. हीच कथा. मेलात की जरा थांबायचं, मग पुन्हा जिवंत. आमच्या धंद्यात ती सोय नाही.

त्या दिवशी काय झालं, वीज गेली. वीज गेली म्हटल्यावर गेम बंद, मग या दोघी तोच गेम जिन्यात खेळायला लागल्या. हातात काय, तर एकीच्या छत्री, दुसरीच्या लाटणं. आता गेममध्ये तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून उडी मारलीत तरी झटकून चालायला लागता. सावलीनं चार पायऱ्यांवरून मारली उडी. झटकून वगैरे काही नाही, सरळ तोंडावर! समोरच्या दाताचा टवका उडाला. आणि नेमक्या त्याच क्षणी वरच्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या, तर त्यांना काय दिसावं? आपली लेक खाली पडलेली, ओठातून रक्त येतंय, आणि वर छत्री रोखून आमची भिंगरी ओरडतेय, "तू मेलीस! हलायचं नाही! मेलीस ना? मग पडून राहा!"

तुम्हीच सांगा, कोणत्या आईला बरं वाटेल?

ढकललं नव्हतं हो तिनं. सावली स्वतः सांगत होती, तोंडावर रुमाल धरून, "मी फवतः उली माली!" पण ऐकतो कोण? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! वहिनींनी लेकीला उचललं आणि जाता जाता जाहीर करून टाकलं, "आजपासून ती इकडे नाही आणि हिनं वर यायचं नाही. संपलं!"

मी संध्याकाळी घरी आलो, तर भिंगरी भिंतीकडे तोंड करून बसलेली. आणि बायको... तिचं काम असं की ती वीज कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी घेते. त्यामुळे घरातसुद्धा तिचा आवाज चढत नाही, उलट आणखी गोड होतो, आणि तोच धोक्याचा असतो. मला म्हणाली, "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, पण चहा मिळणार नाही. आधी वर जा आणि शांतपणे बोलून या." मी म्हटलं, मी शांतपणेच बोलतो. मी शांत माणूस आहे.

गेलो वर. आता सावलीचे वडील, त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. इतका मऊ माणूस मी पाहिला नाही. आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या नाकावर भिंगं बदलत "आता कसं दिसतंय? ...आणि आता?" असं विचारायचं. घरातही तसेच बोलतात. मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "मुलीचा दोष नाही हो. दोष त्या गेमचा. मी लेख वाचलाय. रोज मारामारी बघून मुलांच्या मनावर परिणाम होतो." मी म्हटलं, "माझ्या मेहुण्यानं मला दुसरा लेख पाठवलाय. त्यात लिहिलंय की होत नाही." ते म्हणाले, "तो लेख गेमवाल्यांनी लिहवून घेतला असेल." मी म्हटलं, "मग तुमचा चष्मेवाल्यांनी लिहवून घेतला असेल, मुलांनी स्क्रीनकडे बघितलं तर तुमचंच दुकान चालतं, तुम्ही तर पेढे..." म्हणजे, मी विनोद केला. विनोदानंच म्हटलं! पण वहिनी आतून म्हणाल्या, "बघा, बघा, घरातच वातावरण असं आहे!" झालं. मी गेलो होतो चर्चेला आणि आलो वातावरण घेऊन.

आता आमच्या तळमजल्यावर एक बाई राहतात, निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्यात असं त्या म्हणतात. इमारतीत कुणाचं भांडण झालं की दोन्ही पक्षांना बोलावून घेतात आणि उभं करतात. बसा म्हणत नाहीत. आम्ही दोन बाप त्यांच्या दिवाणखान्यात उभे, आणि त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, तर कावळ्याला फाशी द्यायची का? तुम्ही दोघांनी तो गेम खेळलाय का?" आम्ही म्हटलं, "नाही बाई." "मग न वाचता परीक्षेला बसलात? जा, आठवडाभर दोघं खेळा. मग या आणि सांगा, हिंसक वाटतंय का. तोवर मुलींचा गेम बंद." मी म्हटलं, "बाई, पण माझं वय..." तर म्हणाल्या, "जिन्यात आवाज नको." मी जिन्यात नव्हतो हो! पण निघालो.

तर अशा रीतीनं मी युद्धावर गेलो.

तुम्हाला सांगतो, पहिल्या संध्याकाळी मी त्या बेटावर उतरलो तर समोर जीप उभी! मला इतका आनंद झाला! बंदूक काय मला येत नाही, पण गाडी? माझा हात कोण धरणार? बसलो. आरसा बघितला. आरसा नव्हता, पण बघितला. हळूहळू निघालो, पुढे चौक आला. आता चौक आला म्हटल्यावर काय करायचं? वेग कमी, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, मग पुढे. मी थांबलो. डावीकडे बघितलं... आणि ठो! मेलो. कुठून आली गोळी, कुणी मारली, काही पत्ता नाही. पुन्हा जिवंत झालो, पुन्हा जीप घेतली, पुढे वळण आलं, मी गाडी बाजूला घेतली, हात बाहेर काढून इशारा द्यायला कुठलं बटण आहे ते शोधतोय... ठो! मागे भिंगरी उभी. म्हणते, "बाबा, गेममध्ये इंडिकेटर नसतो." मी म्हटलं, "म्हणूनच एवढी माणसं मरतात!"

आणि मारतंय कोण मला? तर वरचे! ते मऊ गृहस्थ! त्यांना त्या बेटावर एक बंदूक सापडली होती, तिच्यावर दुर्बीण असते. आता विचार करा, सारा जन्म ज्याचा भिंगात गेला त्या माणसाच्या हातात दुर्बीण दिलीत तुम्ही! डोंगरावर आडवे पडायचे आणि लांबून भिंग जुळवत बसायचे. आणि हेडफोनमधून मला ऐकू यायचं, तोच आवाज, तसाच मऊ, "आता जरा अंधुक... हं... आता स्पष्ट..." ठो! मी चौकात थांबलो की ठो. मी कुणाला पुढे जाऊ दिलं की ठो. एकदा तर मी जीप नीट झाडाखाली लावली, मागची पुढची गाडी निघेल एवढी जागा सोडून, आणि खाली उतरलो, तर ठो!

मी शांत माणूस आहे, पण शांतपणालाही काही सीमा?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझी अशी अवस्था झाली की त्या ट्रकवाल्या काकू म्हणाल्या, "सर, आज तुम्ही डोंगराकडे काय बघताय?" मी म्हटलं, "काही नाही, तुम्ही क्लच सोडा." दुपारचं जेवण सोडून गाडीत बसून मनातल्या मनात आखत होतो, आज मागच्या बाजूनं चढायचं, ओढ्यातून. हो, ओढासुद्धा पाठ झाला होता! संध्याकाळी घरी येऊन चपला काढायच्या आधी हेडफोन. बायको म्हणायची, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, पण जेवण गार होतंय." मी म्हणायचो, "तपासणी चालू आहे!" बाईंनी सांगितलेली तपासणी! आठवडा संपला, दुसरा लागला, तरी तपासणी चालूच. मुलींचा गेम बंद, आणि आमचा?... आमचा अभ्यास बाकी होता.

आणि मग तो जिना.

मी खाली येत होतो, ते वर जात होते, हातात पिशवी. दोन सभ्य माणसं. ते हसून म्हणाले, "काल पुन्हा थांबलात तुम्ही."

मी म्हटलं, "थांबणार. चौक होता."

"पण युद्ध चालू असताना..."

"युद्ध चालू असलं म्हणून शिस्त सोडायची? आणि तुम्ही मागून मारता. हिंमत असेल तर समोर या."

"नेमबाज समोर येत नसतो हो," अगदी मऊपणे, "त्याला भ्याडपणा नाही म्हणत, त्याला कौशल्य म्हणतात. गाडी बाजूला लावणं हे कौशल्य नव्हे."

गाडी बाजूला लावणं हे कौशल्य नव्हे?... माझ्या सगळ्या आयुष्याला म्हणाले हो ते! मी काय बोललो मला आठवत नाही, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही अरे-तुरेवर आलो. "तू डोंगराआडून बाहेर ये!" "तू आधी गाडी चालव!" त्यांनी माझी कॉलर धरली, मी त्यांची पिशवी धरली, पिशवी फाटली, कांदे सुटले, जिन्यावरून टप टप टप खाली, आणि त्या झटापटीत त्यांचा चष्मा पडला. माझ्या पायाखाली काहीतरी आलं. आणि तुम्हाला सांगतो, देवाशपथ, सवयीनं... मी ब्रेक दाबला.

कर्र!

सगळा जिना शांत. खालून बाईंचा आवाज आला, "कोण आहे ते?" वर बघतो तर एका कठड्याला सावली, दुसऱ्या कठड्याला भिंगरी. दोघी आमच्याकडे बघतायत. आणि भिंगरी इतक्या हळू म्हणाली, "बाबा, आम्ही तिकडे मेलो तर एकमेकींना 'मस्त मारलंस' म्हणतो."

मी खाली वाकून कांदे वेचायला लागलो.

त्यानंतर सगळंच बंद झालं. वहिनींचं आणि बायकोचं बोलणं बंद. बायको म्हणाली, "आपली तक्रार कायमची बंद करण्यात आली आहे," आणि तो आवाज गोड नव्हता. शाळेतसुद्धा वहिनी जाऊन सांगून आल्या आणि दोघींचे बाक वेगळे झाले. मघाचा तो प्रश्न विचारला ना, घरातलं वातावरण कसं आहे, तो वर्गशिक्षिकेनं, मला बोलावून, तेव्हा. मी म्हटलं, "मी शांत माणूस आहे." त्यांनी माझ्या शर्टाच्या तुटलेल्या बटणाकडे बघितलं.

भिंगरी रडली असती तर मला परवडलं असतं. ती रडली नाही. ती समजूतदार झाली. मूल समजूतदार झालं की समजावं, काहीतरी मोठं बिनसलंय. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. शाळेतून येताना सावली रस्त्याच्या त्या कडेनं, ही या कडेनं. मी एकदा गाडीतून बघितलं, शेजारी त्या काकू होत्या आणि मी त्यांना म्हटलं, "थांबवा जरा." दोघी एकाच वेगानं चालत होत्या, एकजण बूट बांधायला वाकली की दुसरी उगाच थांबायची. मला फार वाईट वाटलं हो. इतकं वाईट की काकूंनी विचारलं, "सर, ट्रक आला का?"

मग एक दिवस. एक शिकाऊ आलाच नाही, म्हणून मी लवकर घरी आलो. दार उघडलं तर आत भिंगरी माझ्या खुर्चीत, माझे हेडफोन कानाला, माझ्या नावानं गेम चालू! म्हटलं, सापडली! जाऊन खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात स्क्रीन बघितली. दोन सैनिक. एका पडक्या घराच्या छपरावर, पाय खाली सोडून बसलेले. बंदुका बाजूला ठेवलेल्या. चारी बाजूंनी धडाधड बाँब फुटतायत, धूर निघतोय, कुणीतरी पळतंय, कुणीतरी मरतंय, आणि या दोघी छपरावर. एक माझा सैनिक, दुसरा त्यांचा. म्हणजे बाप कामावर गेले की बापांच्या वेषात लेकी भेटत होत्या!

भिंगरीला माझी चाहूल नव्हती. तिचंच बोलणं मला ऐकू येत होतं. "दात दुखतो अजून? ...हं. ...गार पाणी नको पिऊस मग. ...भागाकार येतो का तुला तो, शेवटचा? ...मला पण नाही. ...काकांनी नवीन चष्मा केला? कसा दिसतो? ...बरं झालं." मग तिकडचं ऐकत राहिली. मग म्हणाली, "नाही गं, माझा बाबा वाईट नाहीये. तो नुसता दमलेला असतो." आणि पुन्हा ऐकत राहिली. "हो. तुझा पण."

मी दारातच उभा. माझा आवाज झाला असणार, कारण ती एकदम वळली, आणि तिचा चेहरा... तुम्हाला सांगतो, त्या चेहऱ्यासाठी मी कुठल्याही बेटावर कितीही वेळा मरायला तयार आहे. ती म्हणाली, "बंद करू?"

मी म्हटलं, "नको."

तेवढ्यात तिनं कानातलं ऐकलं आणि डोळे मोठे केले. "बाबा, तिकडे पण काका आलेत. दुकानातून. सावली म्हणतेय, मागे उभे आहेत."

आता आली का पंचाईत? वर तो बाप, खाली हा बाप, मध्ये एक स्लॅब, आणि छपरावर दोन सैनिक. भिंगरीनं हेडफोन काढले आणि माझ्या हातात दिले. वर सावलीनंही तेच केलं असणार, कारण मी कानाला लावले तर तिकडून श्वास ऐकू आला. मोठ्या माणसाचा. बाजूला एक बाँब फुटला. शेवटी मी म्हटलं, "चष्म्याचं... वाईट झालं." ते म्हणाले, "असू द्या. काच माझ्याच दुकानची." मग मी म्हटलं, "दात?" ते म्हणाले, "बसवला." मग त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मी काय म्हणतो... या दोघींना जरा जिन्यात जाऊन बोलू द्यायचं का? आपण बसू इथं."

माझं 'हो' पुरतं ऐकलंसुद्धा नाही भिंगरीनं, ती गेलीच! वरून दार आपटलं, जिन्यात धडधड पावलं, आणि मग दोघींचं ते एकाच वेळी बोलणं, बाईंचं "जिन्यात आवाज नको!", आणि त्यावर आणखी मोठा आवाज. आणि आम्ही दोन बाप छपरावर, पाय सोडून. ते म्हणाले, "हवा छान आहे इथली." गेममध्ये हवा कुठली? पण मी म्हटलं, "हो."

तेव्हापासून असंच चाललंय. मुली संध्याकाळभर खाली अंगणात हुंदडतात, गेमचं नाव काढत नाहीत. कुणी कुणाला ढकललं, कुणाचं ढोपर फुटलं, रोज काहीतरी असतं, पण त्याला आता खेळ म्हणतात. वहिनी आणि बायको पुन्हा बोलायला लागल्या, मुख्यतः आमच्याबद्दल. आणि आम्ही दोघं? जिन्यात समोर आलो तर अजूनही मान वळवून जातो, काय करणार, सवय झाली. बोलायचं ते सगळं छपरावर. आणि ही वेळसुद्धा मुलींनी ठरवून दिलीय बरं का, रोज अर्धा तास, जास्त नाही, मोठ्यांच्या मनावर परिणाम होतो म्हणून! काल आमचं जरा रंगात आलं होतं, ते दुकानातलं काहीतरी सांगत होते, आणि भिंगरी आली, "बाबा, वेळ संपली, बंद." मी म्हटलं, "पाचच मिनिटं गं." "नाही." "अगं, पाच मिनिटांनी काय..." "नाही म्हटलं ना!" तर मी... आता काय सांगू... हेडफोन जरा जोरात ठेवले टेबलावर. जरासेच. आदळले नाहीत.

तर ती माझ्याकडे बघत, अगदी काळजीनं, स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "आई, ते लेखात लिहिलेलं खरं आहे गं."